कंसातली नावं: ॲन आर्बर २००, प्रकल्प नोंदी

७ जानेवारी २०२४, रविवार

मराठी शाळेच्या पालकसभेत काम गळ्यात पडलं. आमच्या ॲन आर्बरला (अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं गाव) यंदा २०० वर्षं होतायत, शहरभर कार्यक्रम आहेत, तेव्हा "आपणही काहीतरी करू या" असं कोणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. वाचनालयात अर्धवेळ काम करते, एवढाच माझा गुन्हा.

ठरलं ते असं: मराठीत आठ फलक, वाचनालयाच्या हॉलमध्ये एका दिवसाचं प्रदर्शन, तारीख २५ मे. हीच तारीख का, तर १८२४ साली २५ मे रोजी या गावाचा नकाशा वेन काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) दप्तरी, डेट्रॉईटला नोंदला गेला. नाव 'ॲनआर्बर', एका शब्दात. शेजारच्या इप्सिलांटीची द्विशताब्दी गेल्याच वर्षी झाली, डेक्स्टरची यंदा आहे. आमच्या अख्ख्या वॉशटेनॉ काउंटीत वाढदिवसांचा हंगाम चाललाय.

गट: मी, शाळेतल्या दोन वहिनी, एक काका (गाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त, नकाशे सुरेख काढतात) आणि आठवी-नववीतली पाच मुलं. पैसा: वर्गणी. आज फक्त चहा झाला.

१४ जानेवारी, रविवार

आठवडाभर रात्री वाचत होते. कथा थोडक्यात अशी. जॉन ॲलन व्हर्जिनियाचा, एलिशा रम्सी न्यूयॉर्ककडचा. दोघांची गाठ डेट्रॉईटमध्ये पडली. १८२४ च्या फेब्रुवारीत एका घोड्याच्या बर्फगाडीतून ते पश्चिमेकडे निघाले, ह्यूरन नदीकाठची जागा पाहिली, पसंत केली आणि सरकारकडून ६४० एकर विकत घेतली. दर एकरी सव्वा डॉलर, म्हणजे एकूण ८०० डॉलर. त्यातले ६०० ॲलनचे, २०० रम्सीचे.

इथवर सगळीकडे सापडतं. पण मग ॲलनने लगेच काय केलं? प्लॉट पाडले. गाव नव्हतं, रस्ता धड नव्हता, नकाशा मात्र तयार. कोर्टासाठी अख्खा चौक फुकट देऊ केला, कारण काउंटीचं ठाणं आपल्याकडे आलं की प्लॉटला गिऱ्हाईक येतं. पुढे १८३७ मध्ये मिशिगन विद्यापीठ डेट्रॉईटहून इकडे आलं तेही असंच. तेव्हा गावात एक लँड कंपनी होती, तिने ४० एकर जागा फुकट दिली. १८४१ मध्ये वर्ग सुरू झाले तेव्हा प्राध्यापक दोन आणि विद्यार्थी सात.

मला सारखे पुण्याबाहेरचे फ्लेक्स आठवत होते. बंगलो प्लॉट, क्लिअर टायटल, नियोजित कॉलेजपासून पाच मिनिटं. संस्थापक वगैरे ठीक आहे, पण हा माणूस आमच्या भाषेत सरळ सरळ प्लॉटिंगवाला होता. यात कमीपणा काही नाही. व्हर्जिनियात डोक्यावर कर्ज होतं, ते फेडायला माणूस निघाला होता. आमच्यातही कर्ज डोक्यावर घेऊनच निघालेले बरेच आहेत, फक्त ते शिक्षणाचं होतं.

माणसं येण्याचं एक मोठं कारण पुढच्या वर्षी तयार झालं: १८२५ मध्ये ईरी कालवा पूर्ण झाला. न्यूयॉर्कहून बफेलोपर्यंत बोटीने, तिथून ईरी सरोवरातून डेट्रॉईट. बैलगाडीचे कित्येक आठवडे वाचले. काकांना म्हटलं, कालव्याचा नकाशा मोठा काढा, मुलांना बोटी आवडतात.

२८ जानेवारी, रविवार

पहिल्या फलकावरच अडलो. 'पायोनियर'ला मराठी शब्द काय? मुलांनी फोनवर शोधून तीन आणले: अग्रणी, प्रवर्तक, पथदर्शक. तिन्ही एखाद्या सहकारी पतसंस्थेला शोभतील असे. 'आद्य वसाहतकार' काकांनी सुचवला. त्यात 'आद्य' आहे, आणि खरी मारामारी त्याच्यावरच झाली.

कारण 'पहिला' हा शब्द या काउंटीत फार स्वस्त आहे. पहिलं घर, पहिली गिरणी, पहिलं लग्न, पहिला पूल. ॲन आर्बरच्या आधी, १८२३ मध्ये, बेंजामिन वुडरफ आजच्या इप्सिलांटीजवळ येऊन राहिला. त्या वस्तीला वुडरफ्स ग्रोव्ह म्हणत. तिथे १८२४ च्या सुरुवातीला एक मूल जन्मलं आणि त्याचं नाव ठेवलं 'आल्फा वॉशटेनॉ'. आल्फा म्हणजे पहिला. बारशातच दावा ठोकून टाकला. पण त्याच इप्सिलांटीत १८०९ पासून गॅब्रिएल गोडफ्रॉय या फ्रेंच व्यापाऱ्याचं ठाणं होतं. आणि तो व्यापार करत होता तो कोणाशी? केसाळ कातडी कोण आणून देत होतं? इथले मूळ लोक: पोटावाटोमी, ओडावा, ओजिब्वे, वायंडॉट. ज्या वाटेवर त्याचं दुकान होतं ती त्यांचीच पायवाट. शिकागोला जाणारा जुना रस्ता, आजचा मिशिगन ॲव्हेन्यू, त्याच वाटेवर बसला आहे.

नववीतली मुलगी म्हणाली, "मग आल्फा बाळ पहिलं कसं?" धाकट्या वहिनींचं उत्तर, "त्यांनी मोजायला सुरुवात केली तिथून पहिलं." हे वाक्य फलकावर घ्यायचं की नाही यावर अर्धा तास गेला. घेतलं.

'वसाहतकार' मात्र सोडला. मराठीत आपण गाव वसवतो, पेठ वसवतो. ओसाड पडलेल्या गावात रयत आणायची तर पूर्वी इस्ताव्याचा कौल देत: पहिली काही वर्षं सारा नाममात्र, मग दरसाल थोडा थोडा चढता. माणूस जमिनीवर आणायला काहीतरी गाजर लागतंच. आम्ही शेवटी लिहिलं, 'वस्ती करायला आलेली माणसं'. लांबट आहे, पण खोटं नाही.

११ फेब्रुवारी, रविवार

बाबांना फोन केला. बाबा भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झाले, बरीच नोकरी इंदापूर, दौंड, बारामती भागात. वय ८१. मी सहज विचारलं, "बाबा, इथे सरकारने जमीन विकायच्या आधी सगळीकडे सहा-सहा मैलांचे चौकोन आखले होते. एका चौकोनाचे छत्तीस भाग, एक भाग एक चौरस मैल, ६४० एकर. आमचं गाव म्हणजे एवढंच."

"साखळी किती फुटी?"

मला माहीत होतं, वाचलं होतं: ६६ फूट. ८० साखळ्यांचा मैल, दहा चौरस साखळ्यांचा एकर.

पलीकडे शांतता. मग म्हणाले, "अगं, आपली ३३ फुटी. तिची निम्मी. सोळा आण्यांची साखळी म्हणायचे. आडवी-उभी एक साखळी म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठे एक एकर. साहेबानं इंग्लंडातनं आणलेली एकच चीज, तिकडे अख्खी गेली, इकडे अर्धी आली."

मग पाऊण तास मी ऐकत होते. इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज साहेबांची मोजणी १८३६ च्या सुमाराची. मिशिगनची मुख्य उभी रेषा आखायला घेतली १८१५ मध्ये. म्हणजे एका पिढीच्या आत, पृथ्वीच्या दोन टोकांना, एकाच मापातून निघालेल्या साखळ्या ओढत माणसं रानातून चालली होती. इथल्या मोजणीची आडवी पायारेषा म्हणजेच आमच्या काउंटीची उत्तर हद्द. तीच पुढे पूर्वेला गेली की डेट्रॉईटचा एट माइल रोड होतो. आमचं टाउनशिप, म्हणजे सहा मैलांचा तो चौकोन, त्या रेषेपासून खाली दुसरं आणि उभ्या रेषेपासून पूर्वेला सहावं.

बाबांना सगळ्यात आवडलं ते झाडांचं. इथे भागाच्या कोपऱ्यावर खुंट ठोकायचा आणि जवळच्या दोन झाडांची साल तासून खूण करायची. मग वहीत लिहायचं: झाड कुठलं, खोडाचा व्यास किती, खुंटापासून कोणत्या दिशेला किती कड्या. बाबा म्हणाले, "म्हणजे साक्षीदार झाडं. आमच्याकडं टिपणात चिंच, लिंब लिहिलेला असायचा. दगड लोक रात्रीत हलवतात गं, झाड नाही हलवता येत." थोडं थांबून, "पण तोडता येतं."

१८ फेब्रुवारी, रविवार

मुलांच्या परीक्षा. काकांनी कालव्याचा नकाशा आणला, सुंदर आहे, फक्त ओन्टारिओ सरोवर ईरीच्या खाली काढलंय. परत दिला.

२५ फेब्रुवारी, रविवार

मांडणी सापडली. श्रेय बाबांचं.

मी त्यांना आठ फलकांचे विषय वाचून दाखवत होते: १८०७ चा करार, १८२४ ची खरेदी, १८२६ मध्ये काउंटीचा स्वतःचा कारभार (आखली गेली १८२२ मध्येच, पण चार वर्षं वेन काउंटीच्या पदराला बांधलेली), १८३७ विद्यापीठ, १८३९ रेल्वे. बाबा म्हणाले, "हे तर फेरफार रजिस्टर झालं." आणि झालंच होतं! गाव नमुना ६. अनुक्रमांक, फेरफाराचा प्रकार, कोणाकडून कोणाकडे, मंजुरीचा शेरा. आठ फलक म्हणजे आठ फेरफार, आणि मधोमध एक मोठा सातबारा, जागेचं नाव 'ॲन आर्बर'.

सगळ्यांना लगेच पटलं नाही. थोरल्या वहिनी म्हणाल्या, सातबाऱ्याने इथे वाढलेल्या मुलांना काय कळणार? त्यांच्याच मुलाने उत्तर दिलं, "आई, आपल्या गावच्या जमिनीवरून मामाशी तुझं रोज तेच चालतं." पुढे चर्चा झाली नाही.

फेरफार क्रमांक १ लिहायला बसले आणि अंगावर आला. १७ नोव्हेंबर १८०७, डेट्रॉईट. गव्हर्नर विल्यम हल एका बाजूला. ओडावा, ओजिब्वे, वायंडॉट, पोटावाटोमी दुसऱ्या. मिशिगनचा अख्खा आग्नेय कोपरा गेला. मोबदला: पैसे आणि माल मिळून १०,००० डॉलर, वर दरसाल २,४०० डॉलर. त्या दहा हजारांतले ओडावा आणि ओजिब्वे यांना ३,३३३ डॉलर ३३ सेंट प्रत्येकी. वायंडॉट आणि पोटावाटोमी यांना त्याच्या निम्मे.

मुलांकडून गणित करून घेतलं. ॲलनच्या सव्वा डॉलरच्या दराने १०,००० डॉलरमध्ये किती एकर येतील? ८,०००. एक टाउनशिप २३,०४० एकरांचं. म्हणजे निम्मंसुद्धा टाउनशिप नाही. आमच्या एका काउंटीत टाउनशिपं वीस आहेत. मुलांपैकी एकाने उत्तर दोनदा तपासलं, त्याला वाटलं दशांशचिन्ह चुकलं.

बाबांना सांगितलं तर त्यांचा प्रश्न खात्याचा: "नोटिसा सगळ्यांना बजावल्या का? हितसंबंधितांना?" सह्यांच्या जागी नायकांच्या खुणा आहेत, मसुदा इंग्रजीत, एवढं सांगितलं. "मग तक्रारी फेरफार," म्हणाले.

त्याच करारात पाचवं कलम असं: दिलेल्या जमिनीवर शिकार आणि मासेमारी करायचा या लोकांचा हक्क चालू राहील, जोवर ती जमीन अमेरिकन सरकारच्या मालकीची आहे तोवर. सातबाऱ्यावर 'इतर अधिकार' असा रकाना असतो, तो डोळ्यांपुढे आला. हक्क आहे, पण सरकारने ज्या दिवशी ॲलन-रम्सींना ६४० एकर विकली त्या दिवशी तेवढ्या तुकड्यावरून तो आपोआप उडाला. कोणी खोडायलाही लागला नाही.

आणि नाव? सातबाऱ्यावर जुन्या खातेदाराचं नाव पुसत नाहीत, कंसात टाकतात, शेजारी फेरफार क्रमांक. "कंस केला म्हणजे माणूस गेला असं नाही," बाबा म्हणाले, "जमीन गेली एवढंच." मधल्या मोठ्या फलकावर चारही नावं कंसात. ठरलं.

१० मार्च, रविवार

आज घड्याळं एक तास पुढे गेली, अर्धा गट उशिरा. तेवढ्यात धाकट्या वहिनींशी निवांत बोलणं झालं, बरं झालं.

विषय 'ॲन'. गावाच्या नावाची गोष्ट इथे सगळे सांगतात: ॲलनची बायको ॲन, रम्सीची बायको मेरी ॲन, दोघी रानद्राक्षांच्या मांडवाखाली बसत, म्हणून ॲन आर्बर. गोड आहे. अडचण एवढीच की नकाशा नोंदला मे महिन्यात आणि ॲन ॲलन इथे पोचली ऑक्टोबरमध्ये. सासू-सासऱ्यांबरोबर, तान्ह्या मुलीला घेऊन, व्हर्जिनियाहून. बायको पोचायच्या आधी तिच्या नावाचं गाव दप्तरी लागलं होतं. 'आर्बर' म्हणजे बहुधा इथल्या ओकच्या विरळ राया, मांडव नव्हे.

वहिनी दुसऱ्याच गोष्टीवर थांबल्या. ॲन मूळची आयर्लंडची, व्हर्जिनियात आधी एक लग्न झालेलं, विधवा. त्या लग्नाची दोन मुलं तिला मागे ठेवून यावं लागलं. "दोन मुलं मागे," वहिनी परत म्हणाल्या आणि बराच वेळ ओरिगामीचा कागद दुमडत राहिल्या. त्यांचा मोठा मुलगा चार वर्षांचा होईपर्यंत साताऱ्याला आजीकडे होता, व्हिसाच्या भानगडीत. हे मला आज कळलं, आमची ओळख बारा वर्षांची.

ॲनवर स्वतंत्र फलक. वहिनी लिहिणार. जॉन पुढे सोन्याच्या मागे कॅलिफोर्नियाला गेला आणि १८५१ मध्ये तिकडेच वारला. ॲन शेवटी व्हर्जिनियाला, मुलांकडे परत गेली. नावाच्या गावात ती टिकली नाही. फलकाला वहिनींनी मथळा दिला, 'मागे राहिलेले'. मी 'स्मृतिगंध'सारखं काहीतरी सुचवणार होते, वेळेवर गप्प बसले.

१९ मार्च, मंगळवार

कामावरून परतताना नदीकाठी धूर. शहराचं नैसर्गिक क्षेत्रांचं खातं दर वसंतात आणि शरदात काही तुकडे मुद्दाम जाळतं, त्यातला एक आज होता. पिवळे कपडे, हेल्मेट, पाठीवर पाण्याचे पंप. एका बाईच्या हातात लांब चोचीचा डबा, त्यातून पेटतं तेल थेंब थेंब गवतावर पडत होतं. ज्वाळा गुडघ्याएवढी, वाळकी पानं चरचरत जात होती. वाऱ्याच्या उलट दिशेने ती इतकी सावकाश सरकते की तिच्याबरोबर चालता येतं. मधल्या एका मोठ्या ओकच्या बुंध्याशी आग आली, जाडजूड सालीला चाटून गेली, खोड काळं पडलं, झाड जसंच्या तसं. बर ओक म्हणतात त्याला. साल इतकी जाड की करंगळीचं पेर आत जाईल अशा भेगा.

का जाळतात ते विचारलं. उत्तर मिळालं त्यातला मुद्दा असा: इथल्या ओकच्या मोकळ्या राया आपोआप झालेल्या नाहीत. मूळ लोक पिढ्यान्‌पिढ्या रान पेटवत आले. त्याने झुडपं मरतात, गवत फुटतं, हरणं येतात, आणि जाड सालीचा ओक तेवढा उभा राहतो. आग थांबली की दहा-वीस वर्षांत दाट झाडोरा माजतो.

गाडीत बसल्यावर लक्षात आलं. फेब्रुवारीत ॲलन आणि रम्सी यांना जी राई इतकी आवडली, जिच्यावरून गावाचं नाव 'आर्बर', ती कोणीतरी राखलेली होती. उद्यानात शिरून 'वा, निसर्ग!' म्हणावं तसं झालं. आपल्याकडे डोंगरउतारावर गवत चांगलं यावं म्हणून पेटवतात, भातखाचरात राब भाजतात. तिथलं रान बघून कोणी 'ओसाड' म्हटलं तर आजोबांनी काठी काढली असती.

फलक क्रमांक २ नव्याने लिहायचा. मोजणीच्या वह्यांतल्या साक्षीदार झाडांची नावं आणि ही आग, दोन्ही एकत्र.

९ एप्रिल, मंगळवार, पाडवा

काल सूर्यग्रहण, इथे जवळजवळ पूर्ण. शाळेच्या मैदानावर मुलं कागदी चष्मे लावून. अमावास्येलाच ग्रहण होतं आणि दुसऱ्या दिवशी पाडवा, हे एका मुलाने मला समजावून सांगितलं, जसं काही मला नवीन.

गुढी उभारली, मग मजकूर संपवला. रेल्वेचा फलक चार ओळींत: १८३८ मध्ये इप्सिलांटी, १८३९ मध्ये ॲन आर्बर. 'सिग्नल ऑफ लिबर्टी' या गुलामगिरीविरोधी पत्राचा फलक मुलांनी केला. ते १८४१ पासून काही वर्षं इथून निघत होतं. मुलांनी चांगलं लिहिलंय, हात लावला नाही. विद्यापीठाच्या फलकात एक ओळ माझी: १८१७ च्या फोर्ट मीग्ज करारात ओजिब्वे, ओडावा आणि पोटावाटोमी यांनी कॉलेजसाठी जमीन दिली, आणि तशी पाटी विद्यापीठाच्या आवारात आहे. म्हणजे दात्यांच्या यादीत लँड कंपनीच्या आधी यांचं नाव येतं.

शेवटच्या फलकावर वाद होता: १८४० च्या आसपास पोटावाटोमींना मिसिसिपीपलीकडे हाकललं, इथे गोष्ट संपवायची का? काकांचं म्हणणं, वाढदिवसाला एवढं दुःख नको. मी म्हटलं, संपतच नाही मुळी. काही जण वाटेतून निसटून परत आले, कॅलहून काउंटीत अथेन्स गावाजवळ पाइन क्रीकला जमीन घेऊन राहिले. नॉटावासेप्पी ह्यूरन बँड ऑफ पोटावाटोमी. १९९५ मध्ये केंद्र सरकारने त्यांना मान्यता दिली. काका नकाशावर अंतर मोजत बसले, मग म्हणाले, "अगदी शेजारी आहेत की." शेवटचा फेरफार १९९५ चा.

२८ एप्रिल, रविवार

छापून आलं. डोक्याला हात लावला.

मुख्य बॅनरवर मोठ्या अक्षरांत: चौकोन, मग 'न आर्बर २००'. छपाईवाल्याच्या संगणकातल्या फॉन्टमध्ये 'ॲ' नव्हता. हे अक्षर युनिकोडमध्ये आलंच २००८ मध्ये, जुन्या फॉन्टांना माहीत नाही. आठही फलकांवर ॲनची, ॲलनची, ॲव्हेन्यूची डोकी उडालेली. ज्यांच्या नावाने एवढा खटाटोप केला तेच गायब. नववीतली मुलगी म्हणाली, "ताई, यांना पण कंसात टाकलं." हसून हसून पुरेवाट.

छपाईवाला म्हणाला, तुमच्या फाइलमध्येच तसं होतं. नव्हतं. पण भांडून उपयोग नाही, पैसे आगाऊ दिलेले. उपाय: अख्खा मजकूर चित्र म्हणून पाठवायचा, फॉन्टचा संबंधच नको. काकांनी दोन रात्री जागून केलं. वर्गणी पुन्हा.

५ मे, रविवार

दुसरी खेप बरोबर. 'ॲ' जागेवर. ईरी सरोवरही.

आणखी एक ठरलं: प्रदर्शनाच्या दिवशी हिरवळीवर दोराने एक गुंठा आखायचा. दोर दर बाजूला ३३ फूट, बाजूचे बरोबर सोळा भाग करून रंगीत चिंध्या बांधायच्या, सोळा आणे. एक आणा म्हणजे दोन फूट पाऊण इंच, मुलांनी काढलं. कल्पना अर्थात बाबांची. त्यांना व्हिडिओवर हजर राहायचंय, रात्र असली तरी.

२५ मे, शनिवार

सकाळी दहाला उघडलं. पहिल्या तासात सगळी आपलीच माणसं, फलकांपेक्षा बटाटेवड्यांपाशी गर्दी. मग हळूहळू बाहेरचे येऊ लागले. इंग्रजीत सांगायला मुलं उभी केली होती. सातबारा म्हणजे काय हे आठवीतल्या मुलाने एका वयस्क अमेरिकन जोडप्याला असं समजावलं की मी बघतच राहिले: "ही जमिनीची गुणपत्रिका आहे. सगळे जुने मार्क दिसतात." ते दोघं कंसातल्या चार नावांपाशी बराच वेळ होते. बाईंनी मोबाइलवर फोटो घेतला आणि विचारलं, कंस असा का? मुलाने सांगितलं. त्या म्हणाल्या, त्यांचे पणजोबा लोडाय टाउनशिपमधले, घरात जुना खरेदीचा कागद आहे, त्यावर आधीचं कोणाचंच नाव नाही.

धाकट्या वहिनी 'मागे राहिलेले' या फलकाशेजारी दिवसभर उभ्या होत्या. त्यांचा मोठा मुलगा, कॉलेजातला, दुपारी आला, फलक वाचला, काही बोलला नाही, आईसाठी थंड पाण्याची बाटली घेऊन आला.

तीन वाजता गुंठा. हिरवळीवर चार खुंट्या, चार मुलं. काकांनी काटकोनासाठी पुठ्ठ्याचा गुण्या आणला होता. फोन स्टँडवर, पलीकडे बाबा, इंदापूरला रात्रीचे साडेबारा, अंगात स्वेटर का होता कळत नाही, मे महिन्यात. मुलांनी दोर अंथरला, दुसऱ्या खुंटीला गाठ मारली, तिसरीला, चौथीला, आणि शेवटची बाजू काही पहिल्या खुंटीपर्यंत येईना. हातभर कमी.

एक मुलगा हिशोब सांगत होता की ॲलनला हा अख्खा गुंठा तीन सेंट आणि वर चिल्लर एवढ्याला पडला. दुसरा म्हणत होता की मग हातभराने काय फरक पडतो.

"झोळ पडलाय," फोनमधून आवाज आला. "मधे गवतावर लोळतोय दोर. ताणा. दोघांनी धरा, मागचा ढिला सोडू नको. ए पोरा, निळ्या शर्टवाल्या, तू. झोळ काढ आधी, मग मोज."

निळ्या शर्टवाल्याने पाय रोवून दोर ओढला. खुंटी उपटून हातात आली. परत ठोकली, परत पहिल्या बाजूपासून.